प्लॉट विकून पोराला युरोपात एफ४ला पाठवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा साडेतेरा वर्षांचा आहे, चार वर्षं कार्ट (छोटी, उघडी रेसिंग गाडी) चालवतोय, यंदा ज्युनियर मॅक्स या कार्टिंग गटात दोनदा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत आला. एका युरोपीय संघानं पंधरावं संपताच एफ४चा, म्हणजे फॉर्म्युला ४चा, पूर्ण हंगाम देऊ केलाय. उद्यमनगरात तुमचं मशीन शॉप आहे, शिरोलीला एक प्लॉट आहे. तो विकून पोराला पाठवावं का, आणि एफ१ला पोचायला किती वर्षं लागतील?

मी कोल्हापूरचाच. कार्टचे कार्ब्युरेटर साफ करण्यापासून सुरुवात केली, पुढं कोइम्बतूर-चेन्नईच्या पिटात मेकॅनिक म्हणून राबलो, आणि आता पोरांचा डेटा बघून त्यांना शिकवायचं काम करतो. संघमालक नाही, एजंट नाही, त्यामुळं तुम्ही होय म्हणालात काय आणि नाही म्हणालात काय, माझ्या खिशाला फरक पडत नाही. हे आधी सांगतो, कारण या धंद्यात सल्ला देणाऱ्या दहातल्या आठ जणांना तुमच्या 'होय'वर कमिशन असतं.

आधी 'किती वर्षं' हा भाग उरकून टाकू. पायऱ्या अशा: एफ४, प्रादेशिक फॉर्म्युला, एफ३, एफ२, मग एफ१. एफ१साठी सुपरलायसन्स लागतं. त्यासाठी सर्वसाधारणपणे वय १८ पूर्ण हवं आणि आधीच्या तीन हंगामांत मिळून ४० गुण हवेत. एफ२मध्ये पहिल्या तिघांत आलात तर एका झटक्यात ४०. एफ३चा विजेता ३०. युरोपातल्या प्रादेशिक फॉर्म्युलाचा विजेता २५. आणि राष्ट्रीय एफ४ जिंकलात तर १२. म्हणजे तुम्हाला जी पायरी विकली जातेय, ती जिंकूनही हिशोबात फारसं पडत नाही. एफ४ ही गुण मिळवायची जागा नाही, शिकायची आहे. प्रत्येक वर्गात दोन वर्षं धरली तर पंधराव्या वर्षी सुरू केलेलं पोर बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी एफ२च्या शेवटाला येतं. तेही सगळं सुरळीत झालं तर, आणि या खेळात सगळं सुरळीत कुणाचंच होत नाही.

आपल्याच पोरांची उदाहरणं घ्या. मुंबईचा जेहान दारुवाला. २०११ला तेव्हाच्या फोर्स इंडिया या एफ१ संघाच्या शोधमोहिमेतून निवडला गेला, २०१९ला एफ३मध्ये दोन शर्यती जिंकून एकंदरीत तिसरा आला. मग २०२० ते २०२३ अशी चार वर्षं एफ२, त्यात शर्यतीही जिंकल्या. एफ१ची सीट काही मिळाली नाही, तो विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईकडं गेला. बंगळुरूचा कुश मैनी २०१८ला ब्रिटिश एफ३मध्ये तिसरा होता. जागतिक संघटना एफआयएच्या, म्हणजे वर गुणांत सांगितलेल्या एफ३ला पोचायला त्याला २०२२ उजाडलं आणि एफ२ला २०२३. २०२५ला मोनॅकोतली एफ२ची स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, त्यानं जिंकली. आपल्या गावचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ३ चालवून आलाय. कोल्हापूरच्या पोराला तिथवर जाता येतं, याबद्दल वाद नाही. पण ही सगळी तालेवार पोरं होती, चांगल्या संघात होती, आणि तरीही हा रस्ता असाच वाकडातिकडा गेला. त्यामुळं 'किती वर्षं' या प्रश्नाला खरं उत्तर नाही. जो कोण ठाम आकडा सांगेल, त्याच्या हातात पावतीपुस्तक आहे का बघा.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे. पोरगं किती वेगवान आहे हे आज तुम्हाला माहीत नाही, आणि ते कळायच्या आधीच तुम्ही सगळ्यात महागडी खरेदी करायला निघालाय. लेथ घेताना तुम्ही आधी जॉब लावून, रनआउट (फिरताना किती डुलतंय) बघून मगच पैसे मोजता ना? इथं मात्र पोडियमचा फोटो बघून प्लॉट निघालाय.

पोडियमनं वेग कळत नाही, असं मी का म्हणतो ते सांगतो. आपल्याकडं ज्युनियर गटात कधी पंधरा पोरं असतात, कधी त्याहून कमी. त्यात खरी पळणारी चार-पाच. तिसरा आलेला पोरगा पहिल्याच्या मागं सेकंदाच्या एका दशांशावर होता की सात दशांशावर, हे ट्रॉफीवर कोरलेलं नसतं. आपल्या कोल्हापुरातल्या मोहित्यांच्या कार्ट ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात, तिथं तर आपली पोरं वर्षभर फिरलेली. ट्रॅकच्या कडेच्या कुठल्या कर्बवर चाक टाकायचं, सकाळच्या गारव्यात कार्ब्युरेटरला कुठलं जेट लावायचं, सगळं पाठ. बाहेरचा पोरगा शुक्रवारी येऊन रविवारी आपल्या पोराच्या बरोबरीला आला असेल, तर जास्त वेगवान कोण? माझ्या लेखी बाहेरचा.

म्हणून मी पालकांना एकच गोष्ट परत परत सांगतो. आत्ता हंगाम विकत घेऊ नका, तुलना विकत घ्या. एकच गाडी, एकच दिवस, सारखेच टायर, आणि जिचा वेग सगळ्यांना माहीत आहे अशी व्यक्ती शेजारी. तिनं सकाळी लॅप घ्यायचे, मग तुमच्या पोरानं. एफ४मध्ये नव्या आणि घासलेल्या टायरमध्ये सहज अर्धा-पाऊण सेकंद लपतो, त्यामुळं टायरची अट लेखी घ्या. टेस्टच्या संध्याकाळी पोराला नवे टायर देऊन वडिलांना खूश करायचं, ही फार जुनी युक्ती आहे.

माझा ठोकताळा असा. शंभर सेकंदांचा लॅप असेल तर पहिल्या दिवशी पोर दोन सेकंद मागं असलं तरी चालतं. तिसऱ्या दिवशी ते एका सेकंदाच्या आत यायला हवं. सहाव्या-सातव्या दिवशीही ते सेकंदाबाहेरच असेल तर मी वडिलांना चहाला बाहेर नेतो आणि स्पष्ट बोलतो. यात पाऊस, ट्रॅक, पोराची उंची, गाडीची सीट नीट बसलीय का, असल्या दहा गोष्टींनी फरक पडतो. पण मागं किती आहे यापेक्षा ते अंतर कुठल्या गतीनं कमी होतंय, तिकडं लक्ष ठेवा. शिकायचा वेग लपवता येत नाही.

कार्टमधून गाडीत जाताना पोरं कुठं अडकतात, ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या हातात काही करण्यासारखं इथंच आहे. ज्युनियर कार्टला गिअर नाही, सस्पेन्शन नाही, ब्रेक फक्त मागच्या अ‍ॅक्सलला. पोर पायानं टपली मारतं, कार्ट आडवी होते, वळते. एफआयएची एफ४ गाडी साधारण १८० अश्वशक्तीची, पुढं-मागं पंख असलेली. वेग जास्त असताना हवा गाडीला खाली दाबते, म्हणजे ब्रेक दाबताक्षणी पकड सगळ्यात जास्त असते आणि वेग उतरेल तशी ती कमी होत जाते. त्यामुळं पहिल्या क्षणी पाय जिवाच्या आकांतानं आपटायचा आणि मग वळणाच्या पोटापर्यंत हळूहळू सोडत न्यायचा. ब्रेकला जोर देणारा सर्वो वगैरे काही नसतं. पन्नास किलोच्या वर दाब पायानंच द्यायचा, तोही प्रत्येक लॅपला त्याच जागी, तेवढाच.

मागं एका सोळा वर्षांच्या पोराचा आलेख मी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेच्या गॅरेजमध्ये लॅपटॉपवर लावला होता. वर त्याची ब्रेकची रेघ, खाली शिकवणाऱ्याची. शिकवणाऱ्याची रेघ पन्हाळ्याच्या कड्यासारखी ताठ वर गेलेली आणि मग लांब उतरती. पोराची जोतिबाच्या डोंगरासारखी, दोन्हीकडून गोल. पोरगं म्हणालं, "सर, मी पण तेवढाच दाबतोय की." खरं होतं त्याचं. सगळ्यात वरचा आकडा जवळपास सारखाच होता. फक्त तिथं पोचायला त्याला पाव सेकंद जास्त लागत होता, आणि तोवर हवेची पकड निघून गेलेली असायची. मग तो ब्रेक दहा मीटर आधी दाबायला लागला, आणि लॅपभर प्रत्येक मोठ्या ब्रेकिंगला तेवढंच नुकसान. त्याला दोन दिवस नुसता उभ्या गाडीत बसवून पाय आपटायला लावला. तिसऱ्या दिवशी ट्रॅकवर सात दशांश आपोआप आले. इंजिन तेच, टायर तसलेच, पोरगं तेच.

आता तुमचं मशीन शॉप इथं उपयोगी पडतं. परदेशी सिम्युलेटरच्या पेडलला लाखभर घालवायची गरज नाही. जाड पत्र्याची चौकट, दाब मोजणारा एक लोडसेल, एक आकडे दाखवणारा डिस्प्ले, तुमची पोरं आठवड्यात बनवतील. पेडल हलायला नको, नुसता दाब मोजायचा. आकडा ठरवून द्या आणि तिथं किती लवकर पोचतो, मग किती गुळगुळीत सोडतो, ते रोज वीस मिनिटं. पोराच्या वयाला झेपेल तिथून सुरुवात करा, पहिल्याच दिवशी पन्नासचा हट्ट नको. घरचा सिम्युलेटर ट्रॅक पाठ करायला उत्तम, पण ब्रेकचा पाय त्यातल्या प्लास्टिकच्या पेडलवर बिघडतो, हे मी कित्येक पोरांत बघितलंय.

मानेचंही तसंच. बहुतेक सर्किटं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं जातात, उजवी वळणं जास्त, म्हणून हेल्मेटसकट डोकं सतत डावीकडं ओढलं जातं. पंधराव्या लॅपला मान गेली की नजर जाते, नजर गेली की लाईन जाते. कोल्हापुरात मान कमवायला सांगितलं की माणसं पोराला थेट तालमीत नेतात. दंड-बैठका, खुराक, लवकर झोपणं, वस्तादाचा धाक, एवढं जरूर घ्या. डोकं जमिनीला टेकवून त्यावर सगळा भार देणं मात्र साडेतेरा वर्षांच्या मानेला नको. रबर बँडनं चारी बाजूंचा ताण, तोही फिजिओला विचारून. आणि पैलवानाचा खुराक तर मुळीच नको, कारण इथं गाडी आणि ड्रायव्हर मिळून वजन मोजतात आणि पोराचं वजन त्यात धरलेलं असतं.

आता पैसे. आकडे संघागणिक, देशागणिक बदलतात, म्हणून अंदाजच सांगतो. युरोपात चांगल्या संघात एफ४चा हंगाम काही लाख युरोंत जातो. एफ३ दहा लाख युरोंच्या आसपास किंवा वर, एफ२ वीस लाखांच्या वर. शिरोलीतला प्लॉट कितीही मोक्याचा असला तरी तो पहिल्या पायरीचं एक वर्ष, फार तर दोन वर्षं ओढेल. म्हणजे दुसरी पायरी कोणाच्या तरी दुसऱ्याच्या पैशावर चढायची आहे, हे पहिली चढायच्या आधीच मान्य करावं लागतं. आणि दुसरा पैसे कधी घालतो? पोर जिंकत असेल तेव्हा. पोर सहसा कधी जिंकतं? त्या वर्गातल्या दुसऱ्या वर्षी. म्हणून एकाच वर्षाचे पैसे असतील तर युरोपचा हंगाम घेऊच नका, असं माझं मत. पहिलं वर्ष फक्त फी भरण्यात जातं, पीक दुसऱ्या वर्षी येतं, आणि आपले लोक नेमके पेरणी करून शेत सोडून येतात.

करारात एक ओळ शोधा, अपघाती नुकसान कोणाच्या खात्यावर. बहुतेक ठिकाणी ते तुमच्या खात्यावर असतं, चूक कोणाचीही असो. माझ्या ओळखीतलं एक पोरगं असंच गेलं होतं. वडिलांनी हंगामाची फी पूर्ण भरली, अनामत वेगळी ठेवली. दुसऱ्याच फेरीत पहिल्या वळणावर मागून धडक बसली, पंख, फ्लोअर, दोन बाजूंचं सस्पेन्शन. पुढच्या फेरीत परत. अनामत मे महिन्यातच संपली आणि संघानं बिल भागेपर्यंत गाडी द्यायला नकार दिला. पोरगं शेवटच्या दोन फेऱ्या कोल्हापुरात बसून मोबाईलवर बघत होतं. संघ करारानं बरोबर होता, हे जास्त टोचतं. म्हणून नुकसानीला वरची मर्यादा किंवा विमा, दोन्हीपैकी एक लेखी घ्या, नाहीतर फीच्या निदान पाचव्या हिश्शाइतके पैसे बाजूला काढून ठेवा.

बाहेर पैसे पाठवताना तुमच्या सीएला आधीच बसवा. परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलात की अशा खर्चावर २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. तो पुढं आयकरात वळता होतो, पण तोवर खेळतं भांडवल अडकतं, आणि मशीन शॉपवाल्याला त्याचा अर्थ सांगायला नको. व्हिसाचंही बघा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. शर्यतींपुरतं ये-जा करायला ते पुरतं, तिथं राहून टेस्टिंग करायला पुरत नाही.

आणखी एक, तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही. एफ४ला वय १५ पूर्ण लागतं. तुमचं पोर १५चं होणार म्हणजे ऐन दहावी. आखातातली हिवाळी एफ४ मालिका जानेवारी-फेब्रुवारीत असते आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. घरात कोण काय बोलणार हे मला आत्ताच ऐकू येतंय. पोराच्या आईला हे वेळापत्रक आज दाखवा, तेव्हा नको.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर पुढचं दीड वर्ष असं काढलं असतं. यंदा आणि पुढच्या वर्षी कार्टिंगच, पण गावाबाहेर. बंगळुरू आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर, जिथं पोराला काहीच पाठ नाही. सहाशे ते हजार किलोमीटरचा प्रवास आहे, सोप्पा नाही, पण घरच्या ट्रॅकवरच्या विसाव्या ट्रॉफीपेक्षा तिथला सहावा नंबर जास्त सांगतो. जमलं तर परदेशात कार्टिंगची एखादी मोठी शर्यत, तीही ट्रॉफीसाठी नव्हे, आपण पन्नास-साठ पोरांत कुठं बसतो ते बघायला.

सोबत आपल्याकडच्या एलजीबी फॉर्म्युला ४ गाडीचे काही दिवस घ्या. नावात गफलत करू नका. ही स्विफ्टचं इंजिन असलेली, पंख नसलेली भारतीय गाडी आहे, सुपरलायसन्सच्या १२ गुणांशी हिचा संबंध नाही. पण गिअर, क्लच, टायरची पकड, गाडीचं वजन पुढं-मागं कसं सरकतं, हे शिकायला हिच्याइतकं स्वस्तात दुसरं काही मिळत नाही. फक्त ब्रेकची जी गोष्ट वर सांगितली ती हिच्यात शिकता येत नाही, कारण पंखच नाहीत.

त्यासाठी इंडियन एफ४ आहे. एफआयएची मान्यता, मायगेलची चासी, अल्पाइनचं इंजिन, २०२३पासून शर्यती होतायत. लोक नाक मुरडतात, म्हणतात इथं दर्जा नाही. मला उलटं वाटतं. २०२३ला विजेता ऑस्ट्रेलियाचा होता, २०२४ला दक्षिण आफ्रिकेचा. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो माणूस विमानानं चेन्नई-कोइम्बतूरला येतोय, तुम्हाला त्याच्याकडं जायची गरज नाही. दहावी झाली की पोराला इथला एक हंगाम द्या. पहिल्या चार-पाचांत सातत्यानं दिसलं, आणि डेटात अंतर महिन्यागणिक कमी होताना दिसलं, तर मग युरोपच्या टेस्टला जा. त्या वेळी प्लॉटवर बोलू, आणि हुपरीच्या चांदीवाल्यांकडं, फाउंड्रीवाल्यांकडं पुरस्कर्ते म्हणून जाताना हातात दाखवायला आलेखही असेल. आपली माणसं पैसे देताना कंजूस नाहीत, पण 'पोरगं लै भारी चालवतंय' एवढ्यावर आता कोणी चेक फाडत नाही.

आणि थांबायचं कुठं, तेही आजच ठरवा. 'सतरा पूर्ण होईपर्यंत अमुक झालं नाही तर सिंगल-सीटर (एका सीटच्या उघड्या गाड्या) बंद' असं वाक्य पोराच्या समोर, पोराच्या संमतीनं लिहून ठेवा. बंद म्हणजे रेसिंग बंद नव्हे. ध्रुव मोहितेनं फोक्सवॅगनच्या कप शर्यतींत, छपराच्या गाडीत नाव काढलंच की. छपराच्याच जीटी गाड्यांत ड्रायव्हरला मानधन मिळण्याची शक्यता सिंगल-सीटरपेक्षा कितीतरी जास्त आहे. आणि मशीन शॉपमध्ये वाढलेलं, डेटा वाचता येणारं पोर कुठल्याही पिटात उपाशी राहत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

आता त्या युरोपीय संघाला उत्तर द्यायचं राहिलंय. नाही म्हणू नका, तीन गोष्टी ई-मेलनं विचारा. टेस्टच्या दिवशी तुलनेला कोण असेल आणि त्याचे टायर कुठले? दिवसाचा पूर्ण डेटा, त्याच्या आणि आमच्या पोराच्या दोन्ही रेघा, आम्हाला घरी न्यायला मिळेल का? अपघाताच्या नुकसानीला वरची मर्यादा किती? जे उत्तर येईल ते इथं टाका, मी वाचून सांगतो. दुसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर मला विचारायचीही गरज नाही.